लॉ कॉलेजचे प्राचार्य कोर्टात का दिसत नाहीत?

आमच्या आत्याचा शेताच्या वाटणीचा दावा तालुक्याच्या कोर्टात अकरा वर्षं रखडला होता. आत्याच्या शेजारी एका लॉ कॉलेजचे प्राचार्य राहायचे. सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. एके रविवारी आत्या सातबाऱ्याचे उतारे, फेरफाराच्या नकला, वकिलाच्या पावत्या असं सगळं बाजाराच्या पिशवीत भरून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. म्हणाली, "सर, तुमच्याकडे शिकलेल्या पोरांना मी फी मोजतेय. तुम्हीच का नाही उभे राहत माझ्यासाठी?"

सरांनी चष्मा लावून एकेक कागद वाचला. वाटणीच्या दाव्यात एका नणंदेला पक्षकारच केलेलं नाही, ही चूक त्यांनी पाच मिनिटांत बोटाने दाखवली. पिशवी परत देताना म्हणाले, "आत्या, मला कोर्टात उभंच राहता येत नाही. माझी सनद चालू नाही."

आत्या घरी आली ती बडबडतच. "एवढा मोठा माणूस, आणि साधी सनद नाही म्हणे!"

मलाही तेव्हा ते विचित्रच वाटलं होतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा लागू केली, तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांत चर्चा पेटली आणि मला सरांची आठवण झाली. कायदा शिकलेल्या माणसापुढे एक फाटा येतो. एक रस्ता कोर्टाकडे जातो, दुसरा वर्गाकडे. वर्गाकडचा रस्ता वर वर चढत प्राचार्याच्या किंवा डीनच्या खुर्चीपर्यंत जातो. पण आपल्याकडे त्या रस्त्यावरून कोर्टाकडे वळायला वाट जवळपास नाहीच. अमेरिकेत आहे. हा फरक कुठून आला, ते समजून घ्यायचं तर आधी त्या खुर्चीपर्यंत माणूस पोचतो कसा हे बघावं लागेल.

## आधी 'डीन' या शब्दाचा घोळ

महाराष्ट्रात डीन म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते ससूनचे किंवा केईएमचे डीन. कायद्याच्या शिक्षणात हाच माणूस वेगवेगळ्या नावांनी वावरतो. संलग्न लॉ कॉलेजात तो प्राचार्य, खासगी विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये डीन, आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत कुलगुरू.

गंमत अशी की आपल्या सार्वजनिक विद्यापीठांत अधिष्ठाता, म्हणजे डीन, हे पद आहे, पण कायद्याला स्वतःचा अधिष्ठाता नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सगळ्या विषयांच्या चारच विद्याशाखा केल्या आणि कायदा गेला मानवविज्ञानाच्या छत्राखाली. त्या अधिष्ठात्याची मुदतही कुलगुरूंच्या मुदतीला बांधलेली. कुलगुरू गेले की अधिष्ठाताही जातो. त्यामुळे कायद्याचं शिक्षण प्रत्यक्षात चालवणारा माणूस म्हणजे प्राचार्यच. इथून पुढे मी 'डीन' म्हणेन तेव्हा कायद्याची शाळा चालवणारा माणूस एवढाच अर्थ घ्यायचा, पाटीवरचं पद काहीही असो.

## जिना कसा चढतात

कागदावरचा जिना सरळ आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी. मग एलएलएम, त्यात किमान ५५ टक्के. मग नेट किंवा सेट. एवढं झालं की सहायक प्राध्यापक होण्याची पात्रता येते. पुढे पीएचडी. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट जागेसाठी आठ वर्षांचा अनुभव, प्राध्यापकासाठी दहा. प्राचार्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम पंधरा वर्षांचा अनुभव, पीएचडी, किमान दहा शोधनिबंध आणि ११० चा संशोधन गुणांक मागतात. गुणांक म्हणजे निबंध, पुस्तकं, तुमच्या हाताखाली पीएचडी झालेले विद्यार्थी अशा गोष्टींना ठरलेले गुण आणि त्यांची बेरीज. खुर्ची मिळते पाच वर्षांसाठी. निवड समितीपुढे पुन्हा बसून ती आणखी एकदाच मिळू शकते.

प्रत्यक्षातल्या जिन्याची पहिली पायरी मात्र कुठल्याच नियमावलीत ठळकपणे दिसत नाही. ती म्हणजे सीएचबी, तासिका तत्त्व. जितके तास शिकवले तितक्या तासांचे पैसे. सुट्टी लागली की पगार बंद, आणि नव्या सत्रात पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. माझ्याबरोबर एलएलएम केलेला एक मित्र सहा वर्षं असा दोन कॉलेजांत मिळून शिकवत होता. सकाळी एका गावात करार कायदा, दुपारी एसटीने दुसऱ्या गावात जाऊन फौजदारी. त्याच काळात त्याच्या बरोबरीचा एक जण जिल्हा कोर्टात ज्युनियर म्हणून फायली उचलत होता. कमाई दोघांचीही बेताचीच. पण कोर्टातल्याची ओळख रोज वाढत होती, आणि वर्गातल्याची दर जूनमध्ये शून्यावर येत होती.

पुढे कायम नेमणूक झाली, पीएचडी हाती आली आणि संस्थेत प्राचार्याची जागा रिकामी असली, तर माणूस त्या खुर्चीकडे सरकतो. सगळ्या अटी भरणारा माणूस मिळाला नाही, तर असलेल्यांतल्याच ज्येष्ठाला 'प्रभारी' करतात. प्रभारी प्राचार्य म्हणजे सह्या सगळ्या करायच्या, पण लेटरहेडवर नावापुढे कंसात '(प्र.)'. असे प्रभारी वर्षानुवर्षं प्रभारीच राहिलेले मी पाहिलेत.

## त्या टेबलावर असतं काय?

लोकांना वाटतं प्राचार्य दिवसभर जाडजूड ग्रंथ वाचत असतील. मी सरांच्या केबिनमध्ये एक दुपार बसलो होतो. टेबलावर होतं ते असं: बार कौन्सिलच्या तपासणीसाठी ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी, विद्यापीठाच्या चौकशी समितीला द्यायची माहिती, शिष्यवृत्तीच्या अडकलेल्या अर्जांची फाइल, सीईटीतून आलेल्या प्रवेशांचा तक्ता, आणि मूट कोर्टला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नकली खटल्याच्या स्पर्धेला, निघालेल्या चार मुलांचा रेल्वेभाड्याचा अर्ज. सरांनी आधी हात घातला तो रेल्वेभाड्याच्या अर्जाला. "हे उद्या निघणार आहेत, बाकीचे कुठे पळून जात नाहीत," म्हणाले.

कायद्याच्या शाळेला दोन सासवा असतात. शिक्षक कसा असावा हे अनुदान आयोग ठरवतो, आणि इथली पदवी घेऊन वकील होता येईल की नाही हे बार कौन्सिल ऑफ इंडिया. मराठीच्या विभागप्रमुखाच्या मागे ही दुसरी सासू नसते, लॉ कॉलेजच्या प्राचार्याच्या असते. आणि तिची मान्यता गेली तर मुलांच्या हातातल्या पदवीचा नुसता कागद होतो.

## सनद कपाटात का जाते?

आता आत्याच्या प्रश्नाकडे येऊ. सनद म्हणजे राज्याच्या बार कौन्सिलने दिलेला वकिलीचा परवाना. बार कौन्सिलचा नियम आहे की सनद चालू असलेल्या वकिलाने कुणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही. केली तर कौन्सिलला कळवून वकिली थांबवायची. कारण उघड आहे. वकिलाची बांधिलकी अशिलाशी आणि कोर्टाशी. वर तिसरा मालक बसला की ओढाताण आलीच.

शिकवण्यापुरती यात थोडी सवलत आहे. १९७९ च्या नियमांप्रमाणे वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. म्हणून तर लॉ कॉलेजांत सकाळचे वर्ग असतात. मला सकाळी सव्वासातला साक्षीपुराव्याचा कायदा शिकवायला एक फौजदारी वकील यायचे. आल्या आल्या काळा कोट फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवायचे आणि तास संपला की तोच अंगात चढवत जिन्यावरून धावत सुटायचे. ते तीन तासांच्या आतले. पूर्णवेळ शिक्षक त्या रेषेच्या पलीकडचा. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये विद्यापीठातल्या पूर्णवेळ कायदा-शिक्षकांना वकिली करता येणार नाही असंच सांगितलं.

मोटार ड्रायव्हिंग स्कूल डोळ्यांपुढे आणा. तिथे समजा असा नियम आहे: दिवसात तीन तास शिकवाल तर स्वतःची गाडी रस्त्यावर आणा, पण आठ तास शिकवायला लागलात की लायसन्स कपाटात. आता जो सगळ्यात जास्त शिकवतो, म्हणजे त्या स्कूलचा प्रमुख, त्याचं लायसन्स सगळ्यात जास्त वर्षं कपाटात राहणार. आपल्या लॉ कॉलेजच्या प्राचार्याचं नेमकं हेच होतं.

## "ज्याने कोर्ट पाहिलं नाही, तो वकील काय घडवणार?"

हा आक्षेप बाररूममध्ये चहाबरोबर रोज निघतो, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. उलटतपासणी कशी घ्यायची हे पुस्तकातून येत नाही. जामिनाच्या अर्जावर न्यायाधीशाचा चेहरा बघून दोन वाक्यं कधी गाळायची, तेही नाही.

पण पूर्णवेळ कायदा-शिक्षक ही जात जन्माला आली ती मुद्दाम. १८७० मध्ये हार्वर्ड लॉ स्कूलला ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल हे डीन लाभले. ते स्वतः न्यूयॉर्कमध्ये वकिली करून आलेले. त्यांनी नुसती व्याख्यानं देणं सोडलं. ते वरिष्ठ न्यायालयांचे प्रत्यक्ष निवाडे मुलांपुढे ठेवायचे आणि एकेकाला उभं करून प्रश्न विचारायचे. नियम सांगायचा नाही, तो निवाड्यातून मुलांनीच उकलून काढायचा. १८७३ मध्ये त्यांनी जेम्स बार एम्स या तरुणाला शिकवायला घेतलं. एम्सच्या गाठीला वकिलीचा अनुभव नसल्यातच जमा होता. तेव्हाही कुरकुर झाली. लँगडेलचं म्हणणं असं की कायदा शिकवायला लागतो तो कायदा शिकण्याचा अनुभव. एम्स पुढे १८९५ मध्ये स्वतः डीन झाले, आणि कायदा शिकवणं हा आयुष्यभराचा व्यवसाय होऊ शकतो हे तिथे पक्कं झालं.

माझं मत विचाराल तर लँगडेल अर्धे बरोबर होते. निवाडा उलगडायची सवय वर्गातच लागते. सरांना नणंदेची चूक पाच मिनिटांत दिसली ती त्याच सवयीने, आणि आत्याच्या वकिलाला ती अकरा वर्षं दिसली नव्हती. पण तीच चूक कोर्टात कोणत्या टप्प्यावर कशी मांडायची, ते वकिलालाच जास्त ठाऊक असणार.

## तिकडचा जिना: एलेना केगन

अमेरिकेत डीनची खुर्ची जिन्याच्या मधल्या चौथऱ्यासारखी आहे. तिथून दोनतीन जिने फुटतात. सगळ्यात ठळक उदाहरण एलेना केगन यांचं.

१९८६ मध्ये हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतल्यावर त्या दोन न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क होत्या. त्यातले दुसरे सर्वोच्च न्यायालयाचे थर्गुड मार्शल. हा क्लर्क म्हणजे आपला कोर्टातला कारकून नव्हे. न्यायाधीशासाठी संशोधन करणारा, निकालाचे मसुदे तयार करणारा तरुण वकील. मग वॉशिंग्टनच्या एका फर्ममध्ये दोनेक वर्षं वकिली. १९९१ मध्ये शिकागो विद्यापीठात शिकवायला. १९९५ ते १९९९ व्हाइट हाउसमध्ये क्लिंटन सरकारच्या कायदा आणि धोरणाच्या कामात. १९९९ मध्ये क्लिंटननी त्यांचं नाव वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयासाठी सुचवलं, पण सिनेटने सुनावणीच घेतली नाही आणि नाव विरून गेलं. (त्याच जागेवर पुढे जॉन रॉबर्ट्स बसले. आज ते सरन्यायाधीश आहेत आणि केगन त्यांच्याच पीठावर.) न्यायाधीशपद हुकल्यावर त्या हार्वर्डला शिकवायला गेल्या आणि २००३ मध्ये तिथल्या पहिल्या महिला डीन झाल्या.

डीन म्हणून त्यांनी केलेल्या दोन गोष्टींची आठवण विद्यार्थी जास्त काढतात: फुकट कॉफी आणि हिवाळ्यात बर्फावर घसरायची जागा. पण कामाच्या गोष्टी वेगळ्या होत्या. तिथल्या प्राध्यापकांत डावे-उजवे असे तट होते आणि नव्या नेमणुका त्यात अडकायच्या. केगननी दोन्हीकडची माणसं घेतली. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलला. आणि माजी विद्यार्थ्यांकडून ४७ कोटी ६० लाख डॉलर जमवले. तिकडे डीनच्या कामाचा मोठा हिस्सा हाच, देणगी मागण्याचा. आपल्याकडे संस्थाचालक जे करतात ते तिथे डीन करतो, सूट घालून आणि जेवणाच्या टेबलावर.

२००९ मध्ये ओबामांनी त्यांना सॉलिसिटर जनरल केलं, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात केंद्र सरकारची बाजू मांडणारी मुख्य वकील. त्याआधी त्या न्यायालयापुढे त्यांनी एकदाही युक्तिवाद केलेला नव्हता. ऑगस्ट २०१० मध्ये, ६३ विरुद्ध ३७ मतांनी, त्या त्याच न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. आधी कुठल्याही कोर्टात न्यायाधीश नसलेली व्यक्ती तिथे येण्याची १९७२ नंतरची ही पहिलीच वेळ.

अशा त्या एकट्या नाहीत. हार्वर्डचे अर्विन ग्रिसवोल्ड एकवीस वर्षं डीन राहून १९६७ मध्ये सॉलिसिटर जनरल झाले. कोलंबियाचे डीन हार्लन स्टोन अ‍ॅटर्नी जनरल झाले, सर्वोच्च न्यायालयात गेले, १९४१ मध्ये सरन्यायाधीश. स्टोन कोलंबियात डीन होते १९१० ते १९२३. त्याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ एक मराठी विद्यार्थी अर्थशास्त्र शिकत होता, आणि पुढे तोही एका लॉ कॉलेजच्या प्रमुखाच्या खुर्चीवर बसला.

## आपल्याकडेही ही वाट होती

मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ चं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे नाणावलेले बॅरिस्टर आपली वकिली सांभाळून शिकवायचे. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले छागला तिथे शिकवायचे. पुढे सरन्यायाधीश झालेले यशवंतराव चंद्रचूडही. वर्ग आणि हायकोर्ट यांच्यात पायी जाण्याएवढंच अंतर होतं, आणि माणसं दोन्हीकडे तीच.

जून १९३५ मध्ये या कॉलेजचे प्राचार्य झाले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. रमाबाईंचं निधन २७ मे १९३५ चं. म्हणजे घरात ते दुःख ताजं असताना त्यांनी ही जबाबदारी घेतली. प्राचार्यपदाबरोबर न्यायशास्त्राचं पेरी अध्यासनही त्यांच्याकडे होतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली, पुढच्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले, आणि या सगळ्यात कॉलेज सुरूच. १९३६ मध्ये कॉलेजच्या मासिकात त्यांनी कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं यावर लेखही लिहिला. १९३८ मध्ये ते पद सोडून पूर्णपणे राजकारणात उतरले.

त्यांच्या जागी आले आसफ फैजी, मुस्लिम कायद्याचे मोठे अभ्यासक. ते १९४७ पर्यंत प्राचार्य होते. नंतर इजिप्तमध्ये भारताचे राजदूत झाले, आणि पुढे जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू. म्हणजे लागोपाठच्या दोन प्राचार्यांपैकी एक देशाचा पहिला कायदेमंत्री झाला आणि दुसरा राजदूत. आज एखाद्या लॉ कॉलेजच्या प्राचार्याला निवृत्तीनंतर काय मिळतं? फार तर दुसऱ्या कॉलेजचं प्राचार्यपद.

## घटनेतली फट, जी कुणी उघडली नाही

आता मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश कोण होऊ शकतो हे घटनेच्या अनुच्छेद १२४ मध्ये सांगितलंय. पाच वर्षं उच्च न्यायालयाचा न्यायाधीश असलेला, किंवा तिथे दहा वर्षं वकिली केलेला, किंवा राष्ट्रपतींच्या मते 'विख्यात विधिज्ञ' असलेला. हा तिसरा प्रकार मूळ मसुद्यात नव्हता. मे १९४९ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी दुरुस्ती सुचवली, राष्ट्रपतींना निवडीसाठी मोठं मैदान मिळावं म्हणून. अनंतशयनम अय्यंगार यांनी तिला दुजोरा दिला आणि दाखला दिला फेलिक्स फ्रँकफर्टर यांचा. हे हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक, ज्यांना रूझवेल्टनी थेट सर्वोच्च न्यायालयात नेलं होतं. दुरुस्ती मंजूर झाली. मसुदा समितीचे अध्यक्ष होते अकरा वर्षांपूर्वी प्राचार्यपद सोडलेले आंबेडकर.

दार असं उघडं ठेवलं, आणि आजवर त्यातून एकही माणूस आत गेलेला नाही. एकही कायद्याचा प्राध्यापक, प्राचार्य किंवा कुलगुरू 'विख्यात विधिज्ञ' म्हणून सर्वोच्च न्यायालयात नेमला गेला नाही. उच्च न्यायालयाला तर असं दारच नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ते बसवलं होतं, दोन वर्षांनी चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने काढून टाकलं. तिथे दहा वर्षांची वकिली किंवा दहा वर्षांचं न्यायिक पद हवं. राज्याचा महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचा मुख्य वकील, व्हायलाही उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचीच पात्रता लागते, म्हणजे तीही वाट बंद. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीत सात वर्षांची वकिली बघतात. आणि आता तळाच्या पायरीवरही तीन वर्षं. त्या तीन वर्षांत न्यायाधीशाकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम धरतात.

म्हणजे पंचविसाव्या वर्षी शिकवण्याची आवड धरणारं पोर नकळत एक मोठा निर्णय घेऊन बसतं. सनद कपाटात टाकली की न्यायसंस्थेची जवळपास सगळी दारं तिच्याबरोबर कपाटात जातात. हे त्याला त्या वयात कुणी बसवून सांगत नाही, अशी माझी तक्रार आहे.

## "मग चांगलंच की! शिक्षकाने शिकवावं"

असंही म्हणणारे आहेत. न्यायाधीशाला साक्षीदाराची नजर ओळखता यायला हवी, दिवाणी कोर्टातली दिरंगाई अंगावरून गेलेली हवी, ते वर्गात बसून येत नाही. खालच्या कोर्टापुरतं हे मला मान्य आहे. आत्याचा दावा चालवायला मीही मुरलेला न्यायाधीशच मागेन. पण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे साक्षीदार येत नाहीत. तिथे प्रश्न असतो एका शब्दाचा अर्थ काय, पन्नास वर्षांत तो कसा बदलला. त्यावर आयुष्य घालवलेला माणूस तीसबत्तीस न्यायाधीशांत एखादा असला, तर बिघडणार काय?

## मग या खुर्चीला वजन कसलं?

कोर्टाबाहेर राहूनही काय करता येतं याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या विदर्भातून सुरू होतो. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचं प्रकरण, मथुरा प्रकरण म्हणून ओळखलं जाणारं. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून पोलिसांना सोडलं. प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, म्हणून संमती, असा तो तर्क. १९७९ मध्ये कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. निमूट शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संमती नव्हती असं बाईने म्हटलं, तर कोर्टाने ते गृहीत धरायचं, हा नियम तेव्हाचा. यातले बक्षी दिल्ली विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेचे अधिष्ठाता राहिलेले होते आणि पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

दुसरं नाव माधव मेनन यांचं. दिल्लीत कायदा शिकवणारा हा माणूस ऐंशीच्या दशकात बंगळुरूला गेला आणि त्याने तिथलं राष्ट्रीय विधी विद्यालय उभं केलं. बारावीनंतर पाच वर्षं, निवासी, पहिली तुकडी १९८८ ची. मग कोलकात्याचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ, मग भोपाळची राष्ट्रीय न्यायिक अकादमी, जिथे न्यायाधीशच शिकायला येतात. म्हणजे ज्या पीठावर मेनन यांना कुणी नेमलं नाही, त्या पीठावरच्या माणसांना शिकवण्याचं काम त्यांच्याकडे आलं.

## थोडी फट पडतेय

२०२२ मध्ये अनुदान आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' अशी सोय केली. पंधरा वर्षं आपल्या क्षेत्रात काम केलेल्या माणसाला, पीएचडी नसली तरी, काही वर्षांसाठी प्राध्यापक म्हणून घेता येतं. म्हणजे कोर्टातून वर्गात यायला वाट झाली. वर्गातून कोर्टात जायला मात्र कपाटातली सनदच बाहेर काढावी लागते.

सरांनी तेच केलं. निवृत्तीनंतर बार कौन्सिलकडे अर्ज करून त्यांनी सनद पुन्हा चालू करून घेतली. आत्याच्या दाव्यात वकीलपत्र दाखल केलं, सोबत नणंदेला पक्षकार करण्याचा अर्ज. त्या दिवशी मी आत्याला घेऊन कोर्टात गेलो होतो. सरांचा कोट कोरा होता आणि गळ्याचे पांढरे बँड त्यांना काही केल्या बांधता येईनात. त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने, आता ती तिथे बारा वर्षं वकिली करतेय, पुढे होऊन ते बांधून दिले. पुकारा झाल्यावर सर पंधरा मिनिटं बोलले. न्यायाधीशांनी मान डोलावत ऐकून घेतलं, समोरच्या वकिलांनी म्हणणं द्यायला वेळ मागितला, आणि आत्याला पुढची तारीख मिळाली. १७ जुलै.